तळहातावरचं मिग

रविवार, एक टेबललॅम्प, ११ नंबरचं ब्लेड आणि प्लास्टिकचे दीडशे तुकडे. वऱ्हाडात बसून विमानं बांधण्याच्या नादाविषयी. आणि किटच्या डब्यात जे मिळत नाही, त्याविषयी.

"उडतं का?"

घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच. नाही हो, उडत नाही. रिमोट नाही, बॅटरी नाही, मोटर नाही. मग क्षणभर शांतता आणि दुसरा प्रश्न, "मंग कायले करतं बाप्पा एवढं?" पुण्या-मुंबईत याला 'हॉबी' म्हटलं की भागतं. अमरावतीत भागत नाही. इथे पोराचं लग्न झालेलं नसेल तर 'अजून खेळणी खेळतो', आणि झालेलं असेल तर 'बायको काही बोलत नाही का?'

मी अमरावतीत एका खासगी बँकेत कर्जाच्या फायली बघतो. सोमवार ते शनिवार लोकांच्या सातबाऱ्यावर आणि सॅलरी स्लिपवर डोळे फिरवायचे आणि रविवारी तेच डोळे भिंगाखाली घालून एखाद्या विमानाच्या चाकाचा शिवणदांडा घासायचा. मित्रमंडळी जिमला जातात, ट्रेकला चिखलदऱ्याला जातात, ईएमआयवर बुलेट घेतात. बुलेटचं नाव मुद्दाम घेतलं, कारण पुढे तिचं काम आहे.

आधी ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी. स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची मापात लहान केलेली प्रतिकृती. १:७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. हा बहात्तरचा आकडा कुठून आला? इंग्रजी मापात १ इंच म्हणजे ६ फूट, इतका साधा हिशेब. माणूस जेमतेम इंचभर. ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' नावाची प्लास्टिकची किट्स याच मापात आली. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून याच मापाची मॉडेल्स वापरली गेली. अमेरिकेत तर १९४२ मध्ये शाळेतल्या पोरांना लाकडाची मॉडेल्स कोरायला बसवलं होतं. १९५३ मध्ये 'एअरफिक्स'ने स्पिटफायर काढलं आणि युद्धाची गरज घराघरातला छंद होऊन बसली. मोठं माप हवं असेल तर १:४८ आहे, भिंतीवरचं कपाट रिकामं असेल तर १:३२.

डब्यात काय असतं? चौकटींना लटकलेले पोपटी-राखाडी तुकडे, एक पारदर्शक चौकट, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं म्हणजे डेकल्स, आणि नकाशा. गोंद नाही, रंग नाही. कापायचं, घासायचं, जोडायचं, भेगा बुजवायच्या, रंगवायचं. दिसायला सोपं. एक मिग नीट व्हायला मला दोन-तीन महिन्यांचे रविवार लागतात.

बुलेटला सायलेन्सर, विमानाला सीट

आता बुलेट. शोरूममधून निघालेली बुलेट कुणी तशीच ठेवतं का? सायलेन्सर बदलायचा, हँडल बदलायचं, सीट बदलायची. कंपनीने दिलं ते 'बेसिक', खरी गाडी त्याच्या पुढे सुरू होते. विमानाच्या किटचंही अगदी तसंच. किट बनवणारी कंपनी वेगळी आणि त्या किटसाठी जास्त बारीक, जास्त खरे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. यालाच आफ्टरमार्केट म्हणतात.

का लागतात हे भाग? कारण साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकला मर्यादा आहे. फार पातळ केलं तर ते साच्यात भरत नाही, फार कंगोरे दिले तर साच्यातून सुटत नाही. त्यामुळे किटमधली वैमानिकाची सीट बसस्टँडवरच्या बाकड्यासारखी दिसते आणि तोफेची नळी भरीव पेन्सिलीसारखी.

यावर तीन इलाज. पहिला पितळेचा. पातळ पत्र्यावर फोटोच्या तंत्राने नक्षी उमटवतात आणि नको तो भाग रसायनाने खाऊन टाकतात. उरतात सीटचे पट्टे, बकला, कॉकपिटमधली बटणं, जाळ्या. नखापेक्षा लहान बकल! चेक प्रजासत्ताकात १९८९ मध्ये सुरू झालेली 'एडुआर्ड' ही कंपनी यासाठी जगभर प्रसिद्ध झाली आणि पुढे स्वतःच पूर्ण किट्स काढू लागली. दुसरा इलाज रेझिनचा. मऊ रबरी साच्यात ओतलेलं असल्याने त्यात गादीच्या सुरकुत्यासुद्धा येतात. तिसरा, लेथवर कातलेला धातू. विमानाच्या नाकापुढची सुईसारखी लांब नळी, जी हवेचा दाब मोजून वेग सांगते, ती पोलंडची 'मास्टर' कंपनी पितळेत देते. प्लास्टिकची असेल तर धूळ पुसताना मोडलीच म्हणून समजा.

आता माझं स्पष्ट मत. यातलं निम्मं घ्यायची गरज नसते. कॅनॉपी म्हणजे वरची काच बंद ठेवणार असाल तर महागडा कॉकपिट सेट कशाला? आत काय आहे ते तुम्हाला आणि देवाला सोडून कुणाला दिसणार? चाकांच्या पोकळीतली पितळी नक्षी हाही असाच शौक. विमान उलटं करून बघणारा पाहुणा मला अजून भेटलेला नाही. सीट घ्या, नाकाची नळी घ्या, काच रंगवताना लागणारे कापलेले चिकटकागद घ्या. बाकीचं मन मारून सोडा. माझ्या मागच्या मिगच्या किटपेक्षा त्याचे 'सुधारणेचे' पाकीट महाग पडले होते. कर्ज विभागात काम करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण आहे ते आहे.

आणि एक. रेझिन किंवा धातूला प्लास्टिकचा गोंद चालत नाही. तो गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो. रेझिन विरघळत नाही. तिथे आपलं फेव्हिक्विक. रेझिन घासताना मास्क लावा आणि पॉलिश पेपर ओला करूनच वापरा, ती धूळ फुप्फुसाला चांगली नाही. शिवाय रेझिन जड. शेपटीत जड नळकांडं बसवलं की विमान बूड टेकून बसतं. म्हणून शरीराचे दोन भाग जोडायच्या आधी नाकात मासेमारीच्या गळाचं शिसं भरायचं.

सराफा, मेडिकल आणि घड्याळजी

अमरावतीत हॉबीचं दुकान नाही. किट आणि पितळ ऑनलाइन येतं, पण खास रंग ज्वलनशील असल्याने बरेच कुरिअरवाले घेत नाहीत. मग काय? मग वऱ्हाडी डोकं चालवायचं.

सराफ्यात गेलो की मला दागिने दिसत नाहीत, अवजारं दिसतात. केसासारखी करवत, उंदराच्या शेपटीएवढी कानस, टोकदार चिमटे. रेझिनच्या भागाखाली ओतकामाचा जो ठोकळा राहतो तो कापायला सोनाराच्या करवतीला तोड नाही. एका कारागिराला मी पितळी पट्ट्यांचं पान दाखवलं. भिंग लावून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे हातानं नाई होत भाऊ." त्याच्याकडून मिळालेलं हे सर्टिफिकेट चेक लोकांना कळवायला हवं!

मेडिकल स्टोअर हे माझं दुसरं हॉबी शॉप. ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि इंजेक्शनच्या कोऱ्या सुया. हिशेब बघा: २६ गेजच्या सुईची बाहेरची जाडी ०.४६ मिलिमीटर. १:७२ मध्ये ती झाली ३३ मिलिमीटर, १:४८ मध्ये २२. आतून पोकळ, अगदी सरळ, गंजत नाही. एकात एक बसणाऱ्या दोन-तीन सुया घेतल्या की पायरी-पायरीने निमुळती होणारी नळी तयार. कापताना टोक उडतं, तेव्हा चष्मा हवाच. गोळ्यांच्या पाकिटामागची चांदी कापून सीटचे पट्टे होतात. भेगा बुजवायला एम-सील, मळून पाण्याच्या बोटाने पुसलं की काम झालं. चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर धरून ओढला की केसाएवढी तार मिळते, ती अँटेना. डोळ्याला लावायचं भिंग घड्याळजीचं. रंगांसाठी मुंबईत १९३१ मध्ये सुरू झालेल्या कॅमलची ॲक्रिलिकची ट्यूब. फक्त खाली प्रायमर नीट हवा, नाहीतर सालपटं निघतात.

आता ऊन. वऱ्हाडातला मे महिना कुठल्याही परदेशी पुस्तकात नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की ॲक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतो. म्हणून रंगकाम पहाटे पाचला, चहाच्याही आधी. दुपारी कूलर लावून बसावं तर तो खोलीत ओल भरतो आणि वरून मारलेलं वार्निश दुधासारखं पांढरं पडतं. एसी हवा, किंवा संयम हवा. संयम स्वस्त पडतो.

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, अलायन्स एअरचं एटीआर ७२. त्या आठवड्यात ऑफिसातल्या तिघांनी मला एटीआर बनवून मागितलं. अकोलेकर मात्र अजून शिवणीच्या धावपट्टीकडे बघून उसासे टाकतात. ती लांब करायची तर कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि हा विषय अकोल्यात काढायचा नसतो.

टाइप ९६

अकोल्याचं नाव निघालं ते बरं झालं. कारण माझ्या टेबलावर गेलं वर्षभर जे विमान आहे ते अकोल्यातल्या एका माणसासाठी आहे.

मित्राचे वडील. जठारपेठेत राहतात. १९७३ मध्ये एकोणिसाव्या वर्षी हवाई दलात गेले, पंधरा वर्षं मिग-२१ च्या खाली, वर, आत हात घालून काम केलं आणि परत येऊन एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहिले. घरात हवाई दलाचा एकच फोटो आहे आणि त्यात विमान अर्धंच आलंय. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो टीव्हीवर लागला तेव्हा काका अगदी पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले होते. जवळ अशासाठी की त्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी फार तर पुढचं लांबतं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय.

मित्र म्हणाला, "बाबांसाठी एक करशील का? लवकर?"

मिग-२१ आपल्याकडे १९६३ मध्ये आलं. नंतर नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला आणि तिथे सहाशेहून जास्त मिग-२१ जुळले. इंजिन कोरापूटचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. म्हणजे हे विमान रशियन असलं तरी बऱ्याच अंगाने आपलं, नाशिकचं. पण 'मिग-२१' म्हणजे एक विमान नव्हे, एक मोठं कुटुंब. हवाई दलाची माणसं त्यांना नावाने नाही, टाइपने हाक मारतात. १९७१ च्या युद्धात गाजलेलं ते टाइप ७७, म्हणजे एफएल. सत्तरच्या दशकात ओझरला बनलेलं मिग-२१ एम म्हणजे टाइप ९६. नंतरचं बिस म्हणजे टाइप ७५, आकडे उलटेसुलटे आहेत त्याला माझा इलाज नाही. एफएल ११ डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याला निवृत्त झालं.

मी काकांना भेटायला गेलो तो एका ध्वनीमुद्रकासह. त्याची गरज पडली. पहिल्याच वाक्यात विषय संपला असता, कारण ते म्हणाले, "मिग-२१ करून रायला का? कोणतं? सत्त्याहत्तर का शहाण्णव?" शहाण्णव म्हटल्यावर चेहरा खुलला. मग दीड तास थांबले नाहीत.

"नाकावरची नळी. सत्त्याहत्तरले ते वर, बरोबर मधी. शहाण्णवले मधी नाई, उजव्या अंगाले. पायलट बसते त्याच्या उजव्या." पुस्तकात हे एका ओळीत सापडतं. पण काकांनी डोळे मिटून हवेत हात उंच केला, पुढे आणला आणि उजवीकडे अंदाजाने बोटभर सरकवला. चाळीस वर्षांपूर्वीचं नाक त्यांच्यासमोर उभं होतं. "काच? सत्त्याहत्तरची काच पुढून उचलायची, पूर्ण एक. शहाण्णवची उजवीकडे पडते, दारासारखी. पुढची काच वेगळी, ते हलत नाई."

कॉकपिटचा रंग हा आमच्या मंडळींचा जुना वाद. रशियन निळा-हिरवा, पण नेमका कोणता? बाजारात त्याच्या तीन बाटल्या मिळतात आणि तिन्ही वेगळ्या. काकांना विचारलं तर त्यांनी मला बाहेर नेलं आणि गल्लीच्या टोकाचं एक जुनं घर दाखवलं. ऑइलपेंट मारलेलं दार, वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत अर्ध्या दारांना असतो तो रंग. "हा. पण उन्हानं उडालेला." मी मोबाइलवर फोटो काढला आणि दाराचं एक उडालेलं टवकंही, मालकाला विचारून, खिशात टाकलं. कॅमलच्या दोन ट्यूबा आणि थोडा पांढरा. जुळला!

चाकांच्या तबकड्या हिरव्या, हे त्यांनी न विचारता सांगितलं. प्रत्येक उतरणीनंतर ब्रेकचं पॅराशूट पुन्हा घडी करून शेपटीच्या मुळाशी भरायचं. मे महिन्यात पत्र्याला हात लावला की सालटं निघायची, म्हणून दुपारी ओली गोणी टाकून काम करायचे. ही गोणी कुठल्याही आफ्टरमार्केट कॅटलॉगात नाही.

पण खरा बदल वेगळाच झाला. मी १:७२ ची तयारी केली होती. सव्वासात मीटरच्या आत बसणारे मिगचे पंख त्या मापात टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. काकांच्या हातात मी नमुना म्हणून माझं जुनं १:७२ चं मिग दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग खाली घेतलं आणि बोटांनी चाचपायला लागले. पंखाची कड, नाकातला शंकू, चाकाचा पाय. तेव्हा लक्षात आलं की हे विमान पाहण्यापेक्षा हाताळलं जाणार आहे, आणि जसजसे महिने जातील तसतसं जास्तच.

त्या दिवशी माझी सगळी खरेदीची यादी उलटी झाली. माप १:४८, पंख १५ सेंटिमीटर. नाकाची नळी पितळेचीच, कारण प्लास्टिकची पहिल्याच चाचपणीत मोडेल. सीट रेझिनची, कारण तिच्या डोक्याजवळची गादी आणि वर उठलेले हँडल काडेपेटीच्या काडीच्या टोकाने कळतात. उलट, रंगीत छापून येणारी डायलची पितळी पट्टी, जिच्यावर मी एरवी जीव टाकतो, ती बाद. बोटाला ती सपाटच. पत्र्यांचे जोड आणि रिव्हेट बहुतेक किटमध्ये कोरलेले, म्हणजे खोल असतात. ते बोटाला लागत नाहीत. मग काही मोजक्या जागी, जिथे काकांनी 'इथं झाकण उघडायचं' म्हणून सांगितलं, तिथे मी अगदी पातळ प्लास्टिकची चकती लावली. मापाच्या हिशेबात ते चूक आहे. खऱ्या विमानावर तिथे उंचवटा नव्हता. स्पर्धेत ठेवलं तर परीक्षक गुण कापतील. कापू देत.

पायही बदलले. किटचे प्लास्टिकचे पाय विमान कपाटात पेलतात, हातात नाही. पितळी तार घालून ते आतून मजबूत केले. कॅनॉपी उघडी, उजवीकडे पडलेली, पण बिजागरीच्या जागी सुईचा तुकडा, म्हणजे बाही अडकली तरी उडणार नाही.

चिन्हांचं पुराण वेगळंच. किटच्या डेकल्समध्ये आपली गोल चक्रं मिळाली तरी काकांना हवा तो सी ने सुरू होणारा नंबर मिळणार नाही. कोऱ्या डेकल कागदावर साध्या प्रिंटरने छापता येतं, फक्त प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. म्हणून काळे नंबर छापले आणि केशरी-पांढरी-हिरवी चक्रं कंपासच्या टोकाला ब्लेड लावून कापलेल्या कागदांतून रंगवली. बाहेरची कड केशरी, मध्ये हिरवा ठिपका. नंबर काकांना कसा आठवला हे विचारू नका. मित्राला स्वतःच्या पहिल्या गाडीचा नंबर आठवत नाही.

मधल्या तपासणीसाठी एकदा विमान रंगाविना अकोल्याला नेलं. मिठाईच्या डब्यात फोम कापून बसवलं आणि डबा मांडीवर. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला होता. पितळेची नळी घेऊन जाणाऱ्याला त्या विक्रमाचं मोल जरा जास्तच कळतं.

काकांनी अर्धा तास ते हातात धरलं. नाकापासून सुरुवात, डाव्या बाजूने शेपटीपर्यंत, उजव्या बाजूने परत. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून तपासतात, तीच फेरी ते बोटांनी मारत होते. एका चकतीपाशी थांबले, "हे थोडं मांगं पायजे." मोजलं तर दोन मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात दहा सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी जुन्या फोटोत झाकणाची जागा शोधली. काका बरोबर होते. चकती मागे सरकली.

आता रंग झाला आहे, शेवटचं मॅट वार्निश पाऊस थांबायची वाट बघतंय. दरम्यान फोनवर नवी ऑर्डर आली आहे. "चाकाले ठोकळे कुठं हायेत? ठोकळ्याबिगर लाइनीत विमान उभं करतं का कोणी?" किटमध्ये ठोकळे नाहीत. परदेशी कंपन्यांकडे असतील, मी शोधलेलेही नाहीत. खरा ठोकळा वीतभर उंच धरला तर आपला झाला ४ मिलिमीटर. जाड काडी तिरपी कापून चार केले आहेत, पिवळे रंगवलेत. दोन ठोकळ्यांना जोडणारी दोरी असते, ती सुती दोऱ्याची केली होती. काका म्हणतात दोरी जाड होती, हाताला लागायची. या रविवारी सुतळीचा एक पदर सोडवून बघतो.